शून्यावर न येणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मला चौकशा करायची खोड आहे. मित्रांनो, तुम्हाला कोणी नवीन माणूस भेटला की तो नाव विचारतो, गाव विचारतो, कितवीत आहेस ते विचारतो. मला एवढे सगळे विचारता येत नाही. मला एकच प्रश्न येतो, तो म्हणजे 'किती?'. पण तो मी सगळ्यांना विचारतो. एकदा अंगणवाडीच्या खिडकीतून एक बोका आत आला होता, तेव्हा हा किती भरेल या विचारात माझी अख्खी दुपार गेली.

दुकानात तुम्ही पाहता तसा मी नाही. मला पारडी नाहीत. मी वरच्या वाशाला लटकतो. माझे तोंड घड्याळासारखे गोल आहे, त्यावर शून्यापासून पंचवीस किलोपर्यंत खुणा आहेत, पोटात एक स्प्रिंग आहे आणि खाली एक हूक. त्या हुकाला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचे, आणि मी सांगायचे. माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. माझ्या पाठीवर काहीतरी इंग्रजीत कोरलेले आहे, पण ती बाजू कायम भिंतीकडे राहिल्यामुळे मला ते कधी वाचता आले नाही. याची मला आजही रुखरुख आहे.

मी खोक्यात बसून आलो. वाटेत तळेऱ्याला गाडी बदलली, एवढेच मला कळले, कारण तिथे कोणीतरी ओरडून सांगितले की हे खोके देवगडच्या बाजूला जाणार. खोके उघडले तेव्हा समोर एक बाई उभी होती. वय तीस-बत्तीस, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा. ती कावेरी. कुणकेश्वराच्या अलीकडे, समुद्राची गाज ऐकू येते पण समुद्र दिसत नाही, अशा एका वाडीची ती अंगणवाडी सेविका. तिने मला वाशाला टांगले, दोन पावले मागे सरली आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आधी शून्य बघूया."

हे वाक्य मी पुढे चोवीस वर्षे ऐकले. कोणतेही बाळ झोळीत ठेवण्याआधी कावेरी माझा काटा शून्यावर आहे की नाही ते पाही. तिचा दुसरा नियम याहून कडक होता. मूल लाथा झाडत असेल, रडत असेल, तर माझा काटा थरथरतो. अशा वेळी आई घाईने म्हणे, सात किलो, लिवा बाई. कावेरी लिहीत नसे. मूल शांत होईपर्यंत, काटा एका जागी थांबेपर्यंत ती पेन्सिल हातात धरून उभी राही. कधी पाच मिनिटे, कधी दहा. मग वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका पडे. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की आई हसे, पिवळ्यात पडला की कावेरी दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन चुलीपाशी बसे आणि काय शिजते आहे ते पाही.

मी किती मुले उचलली याची मोजदाद माझ्याजवळ नाही. त्यांनी माझ्या झोळीत काय काय करून ठेवले तेही मी सांगत बसत नाही. पण एक बाळ मला चांगले आठवते. ते होते कावेरीच्या धाकट्या सख्ख्या भावाचे, ज्याला सगळे बाळा म्हणत. त्याची मुलगी समीक्षा आठव्या महिन्यातच जन्मली होती. तिला पहिल्यांदा झोळीत ठेवले तेव्हा कोणी ओला रुमाल ठेवला की काय असे मला वाटले. दोन किलोसुद्धा नाही. कावेरी तिची आते. दर आठवड्याला तिला माझ्यापाशी घेऊन येई आणि श्वास रोखून उभी राही. ती सव्वादोन झाली, अडीच झाली, आणि ज्या दिवशी तीन झाली त्या दिवशी कावेरीने सगळ्या मुलांना गूळ-खोबरे वाटले. एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले होते, त्यांनी पाच किलोचे वजन टांगून माझी परीक्षा घेतली आणि काटा अगदी बरोबर आहे असा शेरा दिला. मी फुगलो नाही, कारण काट्याने फुगायचे नसते. पण बरे वाटले.

वाडीत कावेरीला मोठा मान होता. तिच्याजवळ शिक्का होता, नोंदवह्या होत्या, महिन्याला तालुक्याची बैठक होती. तिचा नवरा तळेऱ्याच्या नाक्यावर सायकली दुरुस्त करायचा, तो लवकर गेला आणि पदरी मूलबाळ नव्हते. तरी तिची कोणी कीव केली नाही. दारात उभ्या बायका म्हणत, कावेरीबाईंचे काय, त्या सरकारी आहेत, त्यांना पेन्शन आहे. कावेरी यावर नुसती हसे. मला त्या हसण्याबद्दल कुतूहल होते. होकाराचे हसू वेगळे असते आणि विषय टाळायचे वेगळे. पण हसू काही माझ्या झोळीत ठेवता येत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी नवा काटा आला. तो जमिनीवर ठेवतात, त्यावर उभे राहिले की आकडे उजळतात. दिसायला छान होता, मी खोटे बोलणार नाही. मी वाशाला तसाच लटकत राहिलो आणि माझ्या झोळीत कोळ्याने घर केले. तेव्हा बाळा बहिणीकडे आला. काजूचा हंगाम होता. काजू-बी घ्यायला येणारा व्यापारी आपला काटा घेऊन यायचा, आणि त्या काट्याला नेहमी कमी दिसायचे. बाळाने मला दोन दिवसांसाठी मागितले. मी अंगणवाडीच्या नोंदवहीत चढवलेली वस्तू. मला बाहेर द्यायला नको होते. पण भावाला नाही कसे म्हणणार? कावेरीने मला पिशवीत घालून दिले. मित्रांनो, आमच्याकडचे दोन दिवस कधी कधी नऊ वर्षांचे होतात.

बाळाच्या पडवीत माझा चांगला काळ गेला. मुलांच्या जागी पोती आली. पोती लाथा झाडत नाहीत, त्यामुळे काम सोपे, पण करमत नसे. व्यापारी माझ्याकडे बघून नाक मुरडी. एका हंगामात बाळाने घाईत मला तीस किलोचे पोते टांगले आणि माझी स्प्रिंग ताणली गेली. तेव्हापासून ओझे उतरवले तरी माझा काटा पूर्ण खाली येत नाही. शून्याच्या पुढे दोनशे ग्रॅमवर अडून राहतो. बाळा तेवढे मनातल्या मनात वजा करतो.

पडवीत लटकताना मी घरातले बोलणे ऐकत असे. बाळाची काजूची बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. ती त्यांच्या वडिलांनी लावली. वडील गेल्यावर जमिनीवर भाऊ-बहीण दोघांची नावे लागली. मग काजूच्या कुठल्याशा योजनेसाठी सातबारा एकाच्या नावावर हवा झाला आणि कावेरीने देवगडला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. इथे बहिणी करतातच अशी सही. माहेरची वाट मोकळी राहावी, भाऊबीजेला ताठ मानेने येता यावे, म्हणून करतात. बाळा ही गोष्ट आलेल्यागेलेल्याला कौतुकाने सांगे. आमच्या आक्काने एका शब्दाने विचारले नाही, तिला काय कमी आहे, ती सरकारी, असे म्हणे. आणि रात्रीच्या जेवणानंतर बायकोशी बोलताना दुसरेही काही म्हणे. आपल्याला ना पगार ना पेन्शन, दोन वर्षे काजूचा मोहोर करपतो आहे, साठी उलटली. पण आक्का आहे, तिचे पेन्शन सुरू झाले की आपल्यालाही आधार होईल.

मला हे ऐकून फार प्रश्न पडत. ते पेन्शन म्हणजे नक्की किती? कोणी आकडा का सांगत नाही? माझ्यासारख्याला आकड्यावाचून चैन पडत नाही.

उत्तर मला यंदाच्या फेब्रुवारीत मिळाले. कावेरीला एक जूनला पासष्ट वर्षे पूर्ण होणार होती. तिच्या वयाच्या माणसांपैकी निम्म्यांची जन्मतारीख एक जूनच आहे, मास्तरांनी शाळेत तशीच घातली. मे अखेर तिचे काम संपणार, म्हणून मुख्यसेविकेने सगळ्या वस्तूंची यादी करून ठेवायला सांगितली. यादीत मी होतो आणि वाशाला मी नव्हतो. एका रविवारी सकाळी कावेरी भावाच्या दारात आली.

मी तिला नऊ वर्षांनी इतक्या जवळून पाहिले. साडी तशीच इस्त्रीची होती, पण काठाला रफू केलेले होते. पायातली वहाण एका बाजूला शिवलेली होती. समीक्षा त्या दिवशी माहेरी आली होती. ती आता खारेपाटणच्या बाजूला शाळेत शिकवते, आणि मी तिला झोळीत उचलले होते हे तिच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही.

कावेरीने सांगितले की काटा परत हवा, चार्ज द्यायचा आहे. बाळाने चहा मागवला आणि मोठ्या उत्साहाने आपला बेत मांडला. सड्यावर पाणी नाही, काजू त्यामुळे मार खातो. आता आक्का मोकळी होईल. पेन्शन चालू झाले की दोघांनी निम्मे-निम्मे घालून बोअर मारू. कावेरी म्हणाली, बघूया. ती माझ्याकडे आली, मला खिळ्यावरून काढू लागली. तिचा हात माझ्या हुकाला लागला आणि माझा काटा थरथरला. मित्रांनो, मी पोत्यांनी कधी थरथरत नाही.

समीक्षा पाहत होती. ती शिक्षिका, तिच्या शाळेत पेन्शनवरून रोज चर्चा होते, तिला या गोष्टी कळतात. तिने सरळ विचारले, "आत्ये, तुका म्हयन्याक किती मेळतले?"

माझा प्रश्न! नऊ वर्षे मी जो मनात धरून बसलो होतो तो.

कावेरीने आधी काहीतरी हातवारे केले, चहा गार होतो आहे म्हणाली, वाडीतल्या एका मुलाच्या तापाबद्दल बोलली. समीक्षाने दुसरे काही विचारले नाही, उठून गेली नाही, मोबाइल हातात घेतला नाही. ती तशीच बसून राहिली, पेन्सिल धरून उभी राहणाऱ्या आपल्या आतेसारखी. मग कावेरी थांबली.

"काय नाय," ती म्हणाली. "एकदाच काय ते देतत. म्हयन्याक काय नाय."

मग हळूहळू तिने सगळी हकीकत सांगितली. तिला मिळत होते ते मानधन, पगार नव्हे. पेन्शन नाही हे तिला पहिल्यापासून अर्धेमुर्धे ठाऊक होते, पण आपली पाळी येईपर्यंत काहीतरी होईल अशी तिची समजूत होती. एकेक वर्ष गेले. शिल्लक होती ती नवऱ्याच्या आजारपणात गेली. गेल्या पावसाळ्यापासून ती जूनच्या पुढचा विचार करायला बसली की उठून भांडी घासू लागे. घर स्वतःचे आहे, भाडे भरायचे नाही, एवढेच बरे. पण तांदूळ, तेल, रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचे बिल कुठून आणायचे, हे तिला माहीत नव्हते.

बाळाचा चेहरा उतरला. "तू कधी सांगूक नाय," तो म्हणाला.

"माका कधी कोणी इचारल्यानच नाय," कावेरी म्हणाली. "सगळे सरकारी सरकारी म्हणत होते. माकाय ता आयकान बरा वाटत होता."

बाळा खाली बघत म्हणाला, "आणि माका वाटला होता, म्हातारपणात तूच माका बघतलंस."

मला त्या दोघांचे फार वाईट वाटले. बहिणीने सही केली ती पेन्शनच्या भरवशावर, भाऊ निवांत राहिला तो बहिणीच्या भरवशावर, आणि पेन्शन कोणी पाहिलेच नव्हते. त्या सहीनंतर हातभर अंतरावर राहून त्यांनी पंधरा वर्षे एकमेकांना भाऊबीज केली, फणसाचे गरे पाठवले, तापात रात्र जागवली. एवढा एक प्रश्न मात्र विचारला नाही. बाळा उठला आणि सड्याकडे निघून गेला. कावेरी मला पिशवीत घालून परतली. वाटेत ती एकदा थांबली, मला वाटते डोळे पुसायला. पिशवीतून मला दिसले नाही.

पंधरा दिवस बाळा आला नाही, फोनही नाही. मी पुन्हा अंगणवाडीच्या वाशाला लटकत होतो आणि कावेरीचा चेहरा वाचत होतो. आपण जमीन परत मागायला आलो असे भावाला वाटले असणार, हा एक विचार तिला पोखरत होता. उपाशी राहणे तिला चालले असते. माहेर तुटणे चालणार नव्हते. मुलांना गाणी शिकवताना ती मधलीच ओळ विसरे आणि मुले तिला ती सांगत.

मग मार्चच्या सुरुवातीला निरोप आला. काजू-बी गोळा करायला सुरुवात करायची आहे, राखणदाराला नारळ ठेवायचा आहे, आक्काने यावे. आणि काटा घेऊन यावे.

राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. सड्यावर एका जुन्या झाडाखाली एक दगड आहे, तेवढेच त्याचे ठिकाण. दर हंगामाला त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. बोलणारा एक असतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो. मला काजूच्या फांदीला टांगले होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. खाली पिवळी-लाल बोंडे पडली होती आणि वारा समुद्राकडून येत होता. बाळाने नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या जाग्यार आमी पयली बी उचलतव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही झाडां आमच्या बापाशीन लावली म्हाराजा. खालच्या बावडेतसून डोक्यार कळशी घेवन तेंका पाणी घातल्यान ता माझ्या आक्कान म्हाराजा. मी तेवा झाडाखाली झोपलेलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." समीक्षाचा आवाज मोठा होता.

"कागदार ही झाडां माझी. पण बांधाकडची निम्मी झाडां आजपासून आक्काची, ती आसा तवसर म्हाराजा. आणि जो कोण, मी धरून, ह्येच्यात मागेफुडे करीत, तेका तू बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

यावेळी एक आवाज कमी होता. कावेरी गप्प होती. मित्रांनो, गाऱ्हाण्यात एकाने जरी होकार दिला नाही तरी पुढे जाता येत नाही. बाळा डोळे मिटून तसाच उभा राहिला. वारा आला, गेला. मी माझा काटा रोखून धरला होता. शेवटी अगदी हळू आवाजात कावेरी म्हणाली, "व्हय म्हाराजा." आणि तोंडाला पदर लावून रडली. बाळाही रडला. पंधरा दिवस तो का आला नाही ते मग कळले. त्याला लाज वाटत होती, दुसरे काही नाही.

डोळे पुसून झाल्यावर समीक्षा म्हणाली, "बाबा, राखणदार काय देवगडाक सही करूक येवचो नाय. ह्या कागदारय घालया." तेव्हा कावेरी हसली. हे हसणे विषय टाळायचे नव्हते, एवढे मला नक्की कळले.

त्या दिवशी बांधाकडच्या झाडांखालची बी माझ्यावर टांगली. अठरा किलो दोनशे. बाळाने सवयीने दोनशे वजा केले. हंगामाच्या शेवटी व्यापाऱ्याकडून जे आले त्यात कावेरीचे वर्ष काही निघायचे नाही, आणि मोहोर करपला तर तेही नाही. हे दोघांना माहीत आहे. एप्रिलमध्ये दोघे पडवीत बसले आणि आपल्याजवळ काय आहे, काय नाही, ते एकमेकांना सांगितले. बोअरचा बेत गेला. कावेरीने बोंडांचे सरबत करायचे ठरवले आहे, कुणकेश्वराला येणाऱ्या भाविकांना ते आवडते म्हणतात. गोळ्यांचे समीक्षा बघते. कसे होईल हे मला सांगता येत नाही. पण आता जून आठवला की कावेरी भांडी घासायला उठत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी चार्ज दिला गेला. मुख्यसेविका यादी घेऊन माझ्यापाशी आली, माझ्याकडे निरखून बघितले आणि म्हणाली, "बाई, हा शून्यावर येत नाही. नादुरुस्त लिहू ना?"

कचेरीतल्या माणसाशी बोलताना कावेरी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. ती माझ्या हुकावर हात ठेवून म्हणाली, "लिहा. पण तेहेतीस वर्षे झाली त्याला इथे येऊन. इतके उचलल्यावर त्याने शून्यावर कशाला यावे?"

मुख्यसेविकेने पेन थांबवले. थोड्या वेळाने तिने 'नादुरुस्त' असे लिहिले, कारण लिहायला दुसरा रकाना नव्हता.

मी आता कपाटावर आहे. माझे पुढे काय होईल याचे मला कुतूहल आहे, काळजी नाही. तुम्ही माझ्यासाठी काही करावे असेही माझे मागणे नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजी, आजोबा, आते, काका असतील. रोज कामावर जाणारे, कधी काही न मागणारे. त्यांचे काय, त्यांना सगळे आहे, असे सगळे म्हणत असतील. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, काम सुटल्यावर तुमचे कसे चालेल? पहिल्यांदा ते हसतील, चहाचे विचारतील, भलतेच काहीतरी सांगतील. तेवढ्यावर उठू नका. काटा थरथरतो तेव्हा वजन लिहायचे नसते. तो थांबेपर्यंत तिथेच बसा.